विज्ञानाचा दावा तपासायचा कसा: आधी दावा, मग माणूस, मग कागद

आमच्या वाचनालयात मी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक बैठक घेते. लोक मोबाइलवर आलेला आरोग्याचा किंवा विज्ञानाचा एखादा दावा घेऊन येतात आणि आम्ही तो मिळून तपासतो. येणाऱ्यांत शिकलेली, विचारी माणसं असतात, तरी बहुतेकांची चूक एकच असते. ते तपासणी चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. कुणी व्हिडिओतल्या डॉक्टरचे ओठ नीट हलतात का ते बघत बसतं, कुणी अख्खा मेसेज एआय चॅटबॉटमध्ये चिकटवून "हे खरं आहे का?" असं विचारतं आणि जे उत्तर येईल ते मानून मोकळं होतं.

पूर्वी भाषेवरून थोडा अंदाज यायचा. अशुद्धलेखन, उद्गारचिन्हांची रांग, "जास्तीत जास्त शेअर करा" असं दिसलं की माणूस सावध व्हायचा. आता एआय खोट्या दाव्यालाही स्वच्छ मराठी, शांत सूर आणि खाली संदर्भांची यादी देतं. त्यामुळे भाषा चांगली आहे हा कसलाच पुरावा उरलेला नाही. पायऱ्यांचा क्रम पाळणं आता फार महत्त्वाचं झालं आहे.

उदाहरण म्हणून एकच मेसेज शेवटपर्यंत घेऊ. मागच्या पावसाळ्यात एक मावशी तो घेऊन आल्या होत्या:

"हळदीतील कर्क्युमिन मिरीसोबत घेतल्यास शरीरात २००० टक्के अधिक शोषले जाते. हळदीच्या औषधी गुणांपुढे अमेरिकेलाही झुकावे लागले. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ सांगतात, ही कॅप्सूल तीन महिने घ्या, मधुमेह मुळापासून जाईल आणि गोळ्या बंद होतील."

सोबत ४७ सेकंदांचा व्हिडिओ, तीन इंग्रजी संदर्भ आणि कॅप्सूलच्या डबीचा फोटो. मावशींनी आठ दिवसांपासून मधुमेहाची गोळी अर्धी केली होती.

## सुरुवातीची तयारी

अर्धा तास वेळ, वही-पेन आणि शक्य असेल तर मोबाइलऐवजी संगणक. मोबाइलवर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना मूळ दावा डोक्यातून निसटतो.

मूळ मेसेज किंवा व्हिडिओ जसाच्या तसा जपून ठेवा. तो कुणाकडून आला आणि कधी आला हे लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण दिसली तर तो मेसेज तुमच्यापर्यंत येण्याआधी किमान पाच हातांतून गेला आहे. पाठवणाऱ्या काकांवर तुमचा कितीही विश्वास असला तरी लिहिणारे काका नाहीत.

इशारा: दावा औषधाचा असेल तर तपासणी पूर्ण होऊन डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत चालू असलेली एकही गोळी कमी करू नका, बंद करू नका, नवीन काही सुरू करू नका. मावशींना आम्ही आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. बाकीचं सगळं त्यानंतर.

## १. दावा एका वाक्यात उतरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मेसेजमध्ये सहसा तीन-चार दावे एकमेकांत गुंफलेले असतात. त्यातला एखादा खरा असतो आणि त्याच्या आधारावर बाकीचे तरून जातात. ते सुटे करून एकाखाली एक लिहा.

मावशींच्या मेसेजमधून चार निघाले. (अ) मिरीसोबत कर्क्युमिन २००० टक्के जास्त शोषलं जातं. (आ) अमेरिकेने हळदीचे औषधी गुण मान्य केले. (इ) अमुक हृदयरोगतज्ज्ञ ही कॅप्सूल घ्यायला सांगतात. (ई) तीन महिन्यांत मधुमेह कायमचा जातो.

आता प्रत्येक दाव्याला विचारा: कुणाला, किती मात्रेत, किती दिवसांत, कशाच्या तुलनेत? "रोगप्रतिकारशक्ती वाढते", "शरीर शुद्ध होतं" अशा वाक्यांना या प्रश्नांची उत्तरंच नसतात. जे मोजता येत नाही ते तपासताही येत नाही. अशा वाक्यावर काट मारा आणि पुढे जा.

तपासा: तुमच्या वहीतलं वाक्य आठवीतल्या मुलाला वाचून दाखवलं तर नेमका काय दावा आहे ते त्याला सांगता येईल का? येत नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

## २. बोलणारा खरोखर तोच आहे का?

नामवंत डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज वापरून बनवलेले व्हिडिओ आता सर्रास फिरतात. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या ओळखीच्या डॉक्टरांचे असेच बनावट व्हिडिओ मधुमेह, रक्तदाबावरची उत्पादनं विकत होते. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. भारतातल्या मोठ्या हृदयरोगतज्ज्ञांवरही हीच पाळी आलेली आहे.

ओठ, पापण्या, बोटं मोजत बसू नका. ही तंत्रं दर काही महिन्यांनी सुधारतात, त्यामुळे कालची खूण आज चालत नाही. उलट, मोबाइलवर दाबून-दाबून पाठवलेला खरा व्हिडिओही धूसर आणि खोटा वाटू शकतो. त्यापेक्षा व्हिडिओचा उगम शोधा.

डॉक्टरांच्या रुग्णालयाचं किंवा संस्थेचं अधिकृत संकेतस्थळ आणि चॅनेल उघडा. ते बोलणं तिथे आहे का, पूर्ण आहे का, तारीख कोणती आहे ते पाहा. कुणीतरी मधला तुकडा कापून घेतला असेल तर इथेच कळतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरने मधुमेह बरा करणारं औषध शोधलं असेल आणि त्याच्या स्वतःच्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर त्याचा उल्लेखही नसेल, तर उत्तर मिळाल्यातच जमा आहे. तरीही शंका राहिली तर व्हिडिओ एआयने बनवलेले व्हिडिओ तपासणाऱ्या 'डीपफेक्स अॅनालिसिस युनिट'च्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवता येतो. सरकारी योजना किंवा सरकारी सल्ल्याविषयीचा दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेक या केंद्र सरकारच्या तपासणी विभागाकडे विचारता येतं.

एक प्रकरण इथे नीट बघण्यासारखं आहे. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ल्युक माँटेनिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने एक वाक्य घरोघरी पोचलं: लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील. माणूस खरा होता, एचआयव्हीच्या शोधासाठी त्यांना २००८ चं नोबेलही मिळालेलं होतं. पण त्या मुलाखतीत ते वाक्य नव्हतंच. पीआयबीने मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं. त्याच मुलाखतीत लसींमुळे विषाणूचे नवे प्रकार तयार होतात असं मात्र ते खरोखर म्हणाले होते आणि इतर विषाणूतज्ज्ञांनी ते खोडून काढलं. म्हणजे "तो असं म्हणाला का?" आणि "तो म्हणाला ते बरोबर आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरा सोडून देऊ नका.

## ३. माणूस त्याच विषयातला आहे का?

नावामागचा 'डॉ.' काहीही असू शकतो: एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, भौतिकशास्त्रातली किंवा मराठीतली पीएचडी, मानद पदवीसुद्धा. म्हणून आधी पदवी कोणत्या विषयातली ते पाहा. महाराष्ट्रात अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल आहे. देशभरातली यादी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

नोंदणी सापडली म्हणजे माणूस डॉक्टर आहे एवढंच कळलं. त्या विषयावर त्याने स्वतः काम केलं आहे का, हा पुढचा प्रश्न. गूगल स्कॉलर किंवा पबमेड या शास्त्रीय लेख शोधण्याच्या संकेतस्थळांवर नाव आणि विषय एकत्र टाकून शोधा. इथे मराठी नावांची एक अडचण येते: एस. पाटील, ए. कुलकर्णी असे शेकडो निघतात. म्हणून संस्था जुळते का ते बघा, किंवा ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळतो का ते पाहा. नाहीतर भलत्याच पाटलांचं श्रेय आपण या पाटलांना देऊन बसतो.

मोठेपणा एका विषयातून दुसऱ्या विषयात आपोआप जात नाही. लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं (१९५४) आणि शांततेचं (१९६२) अशी दोन नोबेल मिळाली. पुढे त्यांनी 'क' जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रांनी कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य वाढतं असा आग्रह धरला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९७९ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तोंडाने दिलेल्या त्या मात्रांचा फायदा दिसला नाही. रासायनिक बंधांबद्दल पॉलिंग यांचा शब्द आजही वजनदार आहे, कॅन्सरच्या उपचारांबद्दल नाही.

तपासा: हा माणूस बोलता बोलता काही विकतो का? कॅप्सूल, कोर्स, पुस्तक, सल्ल्याची फी? विकणारा प्रत्येक जण खोटा नसतो. पण विकत असेल तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर दावा मान्य करायचा नाही, दुसरा स्वतंत्र आधार मिळायलाच हवा.

आणखी एक ओळख मला कामाला येते. खरा तज्ज्ञ मर्यादा सांगतो. कुणाला चालणार नाही, किती खात्री आहे, काय अजून कळलेलं नाही, हे त्याच्या बोलण्यात असतं. "प्रत्येकाला", "शंभर टक्के", "कोणताही दुष्परिणाम नाही" हे शब्द त्याच्या तोंडी फारसे येत नाहीत.

## ४. संदर्भ अस्तित्वात आहे का?

इथे घाई करू नका, कारण एआयमुळे सगळ्यात जास्त बिघडलेली जागा हीच आहे.

चॅटबॉट संदर्भ 'आठवत' नाही, संदर्भासारखा दिसणारा मजकूर तयार करतो. त्यामुळे खरा लेखक, खरं नियतकालिक, शक्य वाटणारं वर्ष आणि कधीच न लिहिलेला लेख अशी सरमिसळ होते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि न्यायाधीशांनी ५००० डॉलरचा दंड ठोठावला. शिकलेल्या, अनुभवी वकिलांची ही गत झाली.

मावशींच्या मेसेजमधल्या तीन संदर्भांपैकी दोन सापडले. तिसऱ्यात नियतकालिकाचं नाव, खंड, पान सगळं होतं. तो खंड उघडला, त्या पानावर मूत्रपिंडाविषयीचा भलताच लेख निघाला.

क्रम असा ठेवा:

१. लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. एआयच्या उत्तरात नाही, साध्या शोधात आणि पबमेडवर.
२. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, दिला असेल (तो १० या आकड्याने सुरू होतो) तर डीओआय डॉट ओआरजीवर टाका. क्रमांक खरा पण लेख दुसराच, असंही होतं. म्हणून शीर्षक आणि लेखक जुळतात का ते डोळ्यांनी पाहा.
३. लेख सापडला तर तो मागे घेतला गेला आहे का ते पाहा. शीर्षकाच्या वर तशी सूचना असते. 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी सर्वांना खुली आहे.

तिसरी पायरी कंटाळा करून सोडू नका. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस आणि ऑटिझम (स्वमग्नता) यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात फक्त १२ मुलं होती. तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं आणि आजही लोक त्याचा दाखला देतात. उलट मे २०२० मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये आलेला, कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा लेख दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, कारण त्यामागची आकडेवारी कुणाला तपासूच दिली गेली नाही. नियतकालिक मोठं आहे एवढ्यावर थांबू नये हे यातून दिसतं. या दुसऱ्या लेखातली चूक उघडकीला आणणारेही त्याच क्षेत्रातले लोक होते, हेही.

इशारा: लेखावर 'प्रीप्रिंट' असं लिहिलं असेल तर तो इतर तज्ज्ञांनी अजून तपासलेला नाही. बातमीत हा शब्द बरेचदा गळतो. तसंच सीटीआरआय या आपल्या चाचणी-नोंदवहीत एखाद्या चाचणीची नोंद असणं म्हणजे औषध लागू पडल्याचा पुरावा नव्हे. चाचणी सुरू करण्यासाठीच ती नोंद लागते.

## ५. संदर्भात दावा खरंच आहे का?

लेख खरा निघाला की लोक हुश्श करतात आणि थांबतात. नेमकं तिथेच थांबायचं नाही. डॉक्टरांविषयीचा (इ) हा दावा दुसऱ्या पायरीतच निकालात निघाला. आता वहीतले उरलेले तीन दावे एकेक करून कागदाशी ताडून पाहा.

(अ) २००० टक्के. हा आकडा खरा आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांचा १९९८ चा लेख आहे. पण सारांश वाचला की कळतं: नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते सापडतच नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं. नगण्याच्या वीसपट म्हणजेही थोडंच. शिवाय हा लेख शोषणाबद्दल आहे, मधुमेहाबद्दल त्यात काही नाही. शोषण वाढण्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलियात हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. भाजीतल्या चिमूटभर हळदीला ही भीती लागू नाही.

(आ) अमेरिकेची मान्यता. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि हमखास चुकीची सांगितली जाते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाशी संबंधित संशोधकांना मिळालं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मुद्दा होता की हे ज्ञान नवं नाही, भारतात आधीपासून लिहिलेलं आहे. हळद गुणकारी आहे की नाही हा निकालाचा विषयच नव्हता. पेटंट मिळालं किंवा रद्द झालं यावरून औषध लागू पडतं का, हे कळत नाही.

(ई) मधुमेह मुळापासून जाणं. सापडलेल्या दोन लेखांतला एक उंदरांवरचा होता, दुसरा मोजक्या माणसांवरचा. दुसऱ्यात रक्तातली साखर थोडी कमी झाल्याचं होतं, गोळ्या चालूच होत्या.

म्हणून लेखात आधी हे शोधा: प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसं किती? तुलना कशाशी? फायदा टक्क्यांत सांगितला असेल तर मूळ आकडे काढा. हजारातल्या दोघांऐवजी एकालाच त्रास झाला तर "धोका निम्म्यावर" असं लिहिता येतं आणि ते खोटंही नसतं.

## ६. त्या क्षेत्रातले बाकीचे काय म्हणतात?

एकटा लेख, एकटा तज्ज्ञ कधीच पुरेसा नसतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणारे कॉक्रेनचे आढावे, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचना, जागतिक आरोग्य संघटना, त्या-त्या आजाराच्या डॉक्टरांच्या संघटना यांपैकी किमान दोन ठिकाणी पाहा.

इथेही शब्दांवरून फसगत होते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्पार्टेम हा साखरेऐवजी वापरला जाणारा कृत्रिम गोड पदार्थ 'कर्करोगाला कदाचित कारणीभूत' या २-बी गटात टाकला. चहात साखरेऐवजी गोळी घालणारे घाबरले. त्याच दिवशी दुसऱ्या समितीने दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. एका संस्थेने धोका असू शकतो का एवढंच पाहिलं, दुसरीने किती मात्रेला ते पाहिलं. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच २-बी गटात आहे, हे बैठकीत सांगितलं की लोक गटाचं नाव पुन्हा नीट वाचतात.

तपासा: डबीवर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आहे म्हणून "सरकारमान्य औषध" असं समजू नका. तो खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. जाहिरातीत तसं वचन असेल तर पुढची तपासणी न करताही ती बाजूला ठेवता येते.

## ७. एआयची मदत कुठे घ्यायची

मी स्वतः रोज वापरते, पण न्यायाधीश म्हणून नाही. "हळदीने मधुमेह बरा होतो ना?" असं विचारलं तर उत्तर विचारणाऱ्याच्या कलाने झुकू शकतं. दोन चॅटबॉटनी एकच सांगितलं तरी ते दोन स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत, कारण दोघांनीही बहुधा तोच मजकूर वाचलेला असतो.

त्याला कामं द्या ती अशी: "या दाव्यासाठी इंग्रजीत कोणते शास्त्रीय शब्द शोधू?", "हा सारांश सोप्या मराठीत सांग, स्वतःची भर घालू नकोस", "या अभ्यासात किती माणसं होती ते वाक्य मूळ मजकुरातून दाखव". मराठी वाचकाला याचा मोठा फायदा आहे, कारण बहुतेक मूळ लेख इंग्रजीत असतात. पण आकडा आणि नाव प्रत्येक वेळी मूळ लेखात जाऊन पाहायचं.

## ८. निकाल लिहा, मग बोला

वहीत प्रत्येक दाव्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: बरोबर, चूक, अजून ठरलेलं नाही. तिसरा शब्द लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका. त्याच्यापुढे तारीख टाका आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

उलट टोकाची चूकही मी पाहते. दोन-तीन खोटे व्हिडिओ पकडले की माणूस "सगळेच विकले गेलेत" म्हणतो आणि स्वतःच्या डॉक्टरांचंही ऐकेनासा होतो. तसं वाटायला लागलं तर सहावी पायरी पुन्हा करा.

घरच्या ग्रुपवर "अफवा पसरवू नका" असं लिहिलं की काका दुखावतात आणि पुढचा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकतात. आधी काकांना फोन करा, मग ग्रुपवर थोडक्यात लिहा. मावशींनी त्यांच्या दिरांशी बोलून हे लिहिलं होतं:

"भाऊजींनी काळजीनेच पाठवलं होतं. तपासून पाहिलं. २००० टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तो शोषणाचा आहे, साखरेचा नाही. डॉक्टरांचा व्हिडिओ त्यांच्या रुग्णालयाच्या चॅनेलवर कुठेही नाही. एक संदर्भ खोटा निघाला. माझ्या डॉक्टरांनी गोळी पूर्ण चालू ठेवायला सांगितली आहे. कुणी ही कॅप्सूल घेत असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगा, यकृताची तपासणी करावी का तेही विचारा."

त्या संध्याकाळी दिरांनी मूळ मेसेज ग्रुपवरून काढला आणि मावशींना फोन करून विचारलं, पुढची बैठक कधी आहे.